धूर सोडलेले धकाते सर

‘धूर सोडणे’ याचे मराठीत दोन अर्थ होतात. एक, नाकातोंडातून तो बाहेर सोडणे, आणि दुसरा, त्याचा नाद कायमचा टाकून देणे. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हे निदान मला तरी वेळेवर सुचायला हवं होतं. पण ‘धकाते सरांनी धूर सोडला’ ही बातमी स्टाफरूममध्ये आली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते. पहिल्या अर्थाने सर सव्वीस वर्षं धूर सोडतच होते. दुसऱ्या अर्थाने सोडल्याबद्दल त्यांना शाल आणि नारळ मिळाला. या दोन अर्थांच्या मधोमध प्लास्टिकची एक छोटी पन्नी होती, ती कोणालाच दिसली नाही. म्हणजे दिसली सगळ्यांना, पण शाळेत काय दिसलं म्हणायचं आणि काय नाही, हे नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकून घ्यावं लागतं.

नारायण धकाते आमच्याकडे गणित शिकवायचे. मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. वडील दिवसभर हातमागावर बसलेले, आणि मागावरून उठायचं त्यांचं निमित्त एकच, बिडी पेटवणं. “आमच्या बापाची मधली सुट्टी होती ते,” असं सर सांगायचे, आणि अशा थाटात सांगायचे की बिडी ही कामगारांना कायद्याने दिलेली सवलत आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं. सर शिकले, नागपुरात नोकरीला लागले, सक्करदऱ्याला घर केलं. माग सुटला, मधली सुट्टी तेवढी वारशाने आली. बिडीची फक्त सिगारेट झाली, कारण बी.एड. झालेल्या माणसाला बिडी शोभत नाही.

त्यांचा आवाज शाळेच्या मालकीचा असल्यासारखा आम्ही वापरायचो. तळमजल्यावर सातवीला ते “समजा” म्हणाले की दुसऱ्या मजल्यावरची दहावीसुद्धा समजायला लागायची. पंधरा ऑगस्टला लाऊडस्पीकर रुसला तर मुख्याध्यापक घाबरत नसत, सरांना पुढे करत. ‘समजा’ हा त्यांचा लाडका शब्द. समजा एका टाकीला दोन नळ आहेत. समजा रामजवळ क्ष आंबे आहेत. गणितात समजा म्हणजे खरं नाही, पण उत्तर येईपर्यंत चालवून घ्यायचं. सरांनी ही सोय वर्गाबाहेरही लागू केली होती. पाण्याच्या टाकीमागे ते सिगारेट ओढत असताना कोणी समोर आलं, तर ते शांतपणे म्हणत, “समजा मी इथं नाही.” आणि येणारा, मग तो शिपाई असो की शाळा तपासायला आलेला अधिकारी, तसं समजून परत फिरायचा.

खडूसुद्धा ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरायचे. अवघड उदाहरण आलं की तो ओठांना लावायचे आणि मग दचकून फळ्याकडे वळायचे. मुलं हसत नसत. सर खडू ओढायला लागले म्हणजे हे उदाहरण परीक्षेत येणार, एवढा निष्कर्ष काढून ती वहीत खूण करून ठेवायची.

मग शाळा तंबाखूमुक्त करण्याचं परिपत्रक आलं. फलक लावा, समिती नेमा, मुलांना शपथ द्या, फाटकापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री होऊ देऊ नका, आणि तिथे पिवळी रेघ ओढा. समितीच्या अध्यक्षपदासाठी मुख्याध्यापकांनी सेवाज्येष्ठता बघितली आणि धकाते सरांना नेमलं. सचिवपदासाठी अक्षर बघितलं आणि मला नेमलं. अध्यक्षांच्या वरच्या खिशात त्या क्षणी पाकीट होतं. पण सेवाज्येष्ठतेच्या यादीत खिशाचा रकाना नसतो.

शंभर यार्डांचं काम सरांनी मनापासून केलं, हे मान्य करायलाच हवं. नववीची मुलं आणि लांब टेप घेऊन ते रस्त्यावर उतरले. शंभर यार्ड म्हणजे एक्क्याण्णव मीटर आणि चव्वेचाळीस सेंटिमीटर, हे मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं. अडचण बंडूच्या पानठेल्याची होती. फाटकापासून सरळ रेषेत मोजलं तर ठेला पंच्याऐंशी मीटरवर येत होता, आणि रस्त्याच्या वळणाने मोजलं तर सत्त्याण्णववर. सरांची सिगारेट बंडूकडूनच यायची. मुख्याध्यापकांचं म्हणणं, सरळ मोजा आणि ठेला उठवा.

“समजा एक पोट्टा शाळेतून निघाला आन् ठेल्यावर चालला,” सर म्हणाले. “थो काय भितीतून जाते? का उडत जाते? रस्त्यानंच जाईन ना?”

नववीला हे इतकं पटलं की मुलांनी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. पिवळी रेघ बंडूच्या ठेल्याच्या साडेपाच मीटर अलीकडे ओढली गेली. पुढे रोज मधल्या सुट्टीत समितीचे अध्यक्ष ती रेघ ओलांडून पलीकडे जायचे, सिगारेट संपवायचे आणि ती ओलांडून परत यायचे. नियमाचा भंग त्यांनी एकदाही केला नाही. आम्ही हे सगळं स्टाफरूमच्या खिडकीतून बघायचो आणि हसायचो.

छातीला मात्र वळणाने मोजलेलं चालेना. दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, आणि सर जिन्यात दोनदा थांबू लागले. पहिल्यांदा थांबले की वाकून लेस बांधल्यासारखं करायचे. सर चपला घालायचे. दुसऱ्यांदा थांबले की भिंतीवरचे सुविचार वाचायचे, आणि ते सहा वर्षांत बदललेले नव्हते. सकाळी आधी त्यांचा खोकला शाळेत यायचा आणि मागून सर. एकदा तर दहावीला “समजा” म्हणताना ‘स’ आणि ‘मजा’ यांच्या मध्ये एवढं अंतर पडलं की पुढच्या बाकांवरची मुलं उठून उभी राहिली. तेव्हा त्यांच्या पत्नी पुष्पाताई त्यांना धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. फोटो काढले, नळीत फुंकर मारायला लावली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांची गेलेली ताकद आता परत येणार नाही. उरलेली वाचवायची असेल तर धूर आजच्या आज बंद.

डॉक्टर धूर म्हणाले. ही त्यांची चूक म्हणता येणार नाही, ते छातीचे डॉक्टर होते. पण सर गणिताचे होते, आणि दिलेल्या अटीपेक्षा एक अक्षर जास्त धरायचं नाही हा त्यांचा बाणा. धूर बंद म्हणजे धूर बंद. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बंडूकडून सिगारेटऐवजी खर्रा घ्यायला सुरुवात केली. ज्यांना खर्रा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना एका पन्नीत घालून चांगलं घोटतात, आणि त्यातलं चिमूट चिमूट दिवसभर गालात धरतात. आमच्याकडे याला व्यसन म्हणत नाहीत. वेळ जावा म्हणून खातात, आणि आमच्याकडे वेळ फार आहे.

मी एकदा त्यांना हटकलं, की सर, हे काय नवीन.

“डॉक्टरनं धूर बंद सांगितला,” ते म्हणाले. “खर्ऱ्यात धूर कुठी आहे, मॅडम?”

खर्ऱ्यात धूर नसतो. मी ते मान्य केलं. शिवाय त्यांचा खोकला खरंच कमी झाला होता, जिन्यातला एक थांबा सुटला होता, आणि मुख्याध्यापक जो भेटेल त्याला सांगत होते की आमच्या अध्यक्षांनी स्वतःपासून सुरुवात केली. सर मिटल्या तोंडाने ही स्तुती ऐकून घ्यायचे. तोंड मिटलेलं का असे, ते आम्हाला माहीत होतं.

वर्षअखेरीला तंबाखूमुक्त शाळेचा अहवाल भरायचा होता. त्यात एक ओळ होती: ‘शाळेतील एकही कर्मचारी तंबाखूचे सेवन करत नाही. हो / नाही.’ धूम्रपान नव्हे, तंबाखूचे सेवन, असं स्वच्छ छापलेलं होतं. मी कागद घेऊन सरांकडे गेले आणि काय लिहू म्हणून विचारलं. त्यांच्या डाव्या गालाला फुगवटा होता. त्यांनी हनुवटी वर उचलली, ओठ घट्ट धरले आणि घशातून “हूं” असा आवाज काढला. त्याचा अर्थ हो, नाही, किंवा थांबा, थुंकून येतो, यांपैकी काहीही होऊ शकत होता. मी ‘हो’ वर खूण केली. खाली अध्यक्षांची सही झाली, सचिवांची सही झाली, आणि एक प्रत सरांनी घरी नेली. त्या दिवशी माझी सही फार सुरेख आली होती.

त्या कागदावरून प्रमाणपत्र आलं आणि प्रमाणपत्रावरून सत्कार ठरला. मोठं सभागृह, वीसेक शाळा, स्टेजवर हार घातलेली माणसं. निवेदकाने सांगितलं की आता आपण अशा शिक्षकाला ऐकणार आहोत, ज्याने सव्वीस वर्षांचं व्यसन एका दिवसात टाकलं. सरांना नुसती शाल मिळणार एवढंच माहीत होतं. भाषणाचं कोणी बोललं नव्हतं, म्हणून खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी मोठी चिमूट भरून घेतली होती. आता माइक समोर, आणि थुंकायला जागा नाही. त्यांनी डावीकडे हात जोडले, उजवीकडे जोडले, मधे जोडले. आलेलं पाणी त्यांनी गिळलं असावं, कारण डोळे भरून आले. मग ते खाली बसले. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेचनात. प्रमुख पाहुणे म्हणाले की खरा कार्यकर्ता बोलत नाही, करून दाखवतो. मी पहिल्या रांगेत पदर तोंडात कोंबून हसत होते. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. त्या दिवशी सरांनी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं, आणि तेव्हा त्यांचं तोंड उघडत तरी होतं.

कारण पुढच्या वर्षी ते उघडेना. आधी लक्षात आलं डब्याच्या वेळी. पुष्पाताईंचं माहेर भिवापूरचं, त्यामुळे सरांच्या डब्यात तिकडच्या मिरचीचा लालभडक ठेचा असायचा. तो ते भाकरीवर थापून खायचे आणि आमच्या डब्यांना दवाखान्यातलं जेवण म्हणायचे. एके दिवशी बोटभर ठेचा जिभेला लावून ते उठले आणि नळाखाली तोंड धरून उभे राहिले. मग ठेचा बंद झाला, मग भाकरीचे तुकडे लहान होत गेले, मग डब्यात नुसता वरणभात. जांभई आली की ते जबडा हाताने धरायचे. वर्गात त्यांचे शब्द जाड यायला लागले. सातवीला बोललेलं दहावीला ऐकू येईना, आणि काही दिवसांनी सातवीच्या मागच्या बाकांनाही येईना.

दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना समोर बसवलं. “तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा,” ते म्हणाले. “चांगल्या माणसाच्या तोंडात तीन जाते. माह्या दीडच जाऊन राहिले.” शिक्षक मंडळींना कृती करून दाखवा म्हटलं की राहवत नाही. आम्ही सगळ्यांनी आपापली तीन बोटं उभी करून तोंडात घातली. तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले, आम्हाला तसं बसलेलं पाहिलं, आणि नवीन परिपत्रक असावं अशा समजुतीने त्यांनीही घातली. सगळे हसलो. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की खेळाचे सर आणि चित्रकलेचे सर, दोघांचीही दोनच बोटं गेली होती. ते दोघे घाईने हात धुवायला निघून गेले, आणि हसणं थांबलं.

सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते, असं डॉक्टरांनी सरांना सांगितलं होतं. खर्रा सोडला तरी झालेलं फारसं परत येत नाही. शिवाय आत एक पांढरा चट्टा होता, त्याचा तुकडा तपासायला पाठवला होता. सरांनी त्याच दिवशी खर्रा सोडला. या वेळी खरोखर सोडला, आणि या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोकळ्या तासाला ते आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरून बसायचे, जबडा मोकळा व्हावा म्हणून. दर आठवड्याला एक काडी वाढवायची होती. अकराव्या काडीच्या पुढे ते जात नव्हते आणि तरी रोज बाराव्या काडीसाठी झटत होते. तुकड्याचा निकाल आला तेव्हा काड्या तशाच टेबलावर राहिल्या. तो कॅन्सर होता.

ऑपरेशनमध्ये गालाचा भाग आणि जबड्याचा तुकडा काढला. मी भेटायला गेले तेव्हा सर झोपलेले होते, नाकात नळी होती. पुष्पाताईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. माझी सांत्वनाची वाक्यं तयार होती. त्यांनी ती बोलू दिली नाहीत.

“मी त्यायले इचारलं होतं मॅडम, का ह्या पन्नीत काय राह्यते,” त्या म्हणाल्या. “म्हणत, गोड सुपारी आहे. मले पटे नाही. मंग शाळेतून थो कागद आला, तुमच्या सहीचा. यायनं फ्रेम करून भितीवर लावला. मी म्हटलं, एवढी शिकलेली बाई सही करून राहिली, मंग सुपारीच असंन.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि राग असता तर मला सोपं गेलं असतं. वर्षभर मी या गोष्टीकडे सरांची गंमत म्हणून बघत होते. घरात एक बाई शंका घेऊन उभी होती, आणि तिची शंका मी सही करून मिटवली होती. हे मी पुष्पाताईंना सांगायला हवं होतं. मी त्यांना विचारलं, चहा आणू का.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षीच्या तंबाखूमुक्तीच्या शपथेच्या दिवशी. त्यानंतर उन्हाळा लागायच्या आत ते गेले. त्या दिवशी त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. प्रार्थना झाली आणि फाटकातून पुष्पाताईंबरोबर सर आत आले, एका बाजूने चेहरा आत गेलेला, हातात रुमाल. मुख्याध्यापक लगबगीने पुढे झाले, सरांना स्टेजवर नेलं, खुर्ची मागवली, आणि मुलांना सांगू लागले की हेच ते सर, ज्यांनी एका दिवसात. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि माइक मागितला.

ते बोलले, पण शब्दांना कडा राहिलेल्या नव्हत्या. ओठ जुळत नव्हते, त्यामुळे प, ब, म ही अक्षरं येतच नव्हती. ज्या माणसाला कधी माइक लागला नव्हता, त्याचं बोलणं माइकमधूनही पहिल्या रांगेला समजेना. पाचवीची मुलं खुसखुसली. सरांनी मला बोटाने बोलावलं. मी शेजारी उभी राहिले. ते एक वाक्य बोलायचे, आणि मी ते माइकमधून मुलांना सांगायचे.

“सर म्हणतात, ते सव्वीस वर्षं सिगारेट ओढत होते.”

“सर म्हणतात, सिगारेट सोडली आणि ते खर्रा खायला लागले. लोकांना सांगितलं, सुपारी आहे.”

मुख्याध्यापक खुर्चीत चुळबुळ करू लागले. सरांनी रुमालाने हनुवटी पुसली, दम घेतला आणि पुढचं वाक्य बोलले. ते लहान होतं. ‘मी खोटं बोललो.’ मला ते अगदी नीट समजलं. मी माइक तोंडाशी नेला आणि म्हणाले, “मी खोटं बोलले.”

‘सर म्हणतात’ राहून गेलं, आणि क्रियापद माझं आलं. मैदानावर कोणाच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही. पाचवीच्या मुलांना बाईच बोलताहेत एवढंच दिसत होतं. पण खाली पहिल्या रांगेशेजारी उभ्या असलेल्या पुष्पाताईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर खाली घेतली नाही.

सर माझ्याकडे वळले. तोंडाचा जो अर्धा भाग त्यांच्या ताब्यात राहिला होता, तो किंचित हलला.

“मॅडम,” माइकपासून तोंड बाजूला घेऊन ते म्हणाले, “तुम्ही काहून मधात येऊन राहिल्या?”

एवढ्या वाक्याला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला. मग त्यांनी माइक माझ्या हातातून काढून मुख्याध्यापकांकडे दिला. पुष्पाताई पायऱ्या चढून आल्या, एका हाताने त्यांनी सरांना धरलं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट. ऑटो फाटकाबाहेर उभी होती, तिथपर्यंत आम्ही तिघं सावकाश चालत गेलो. मागे मैदानात मुख्याध्यापकांनी घाईघाईने शपथ सुरू केली होती, आणि समितीच्या सचिव त्या वर्षी शपथेला हजर नव्हत्या.